टाकळीचा आकडा

मॉडेल म्हणालं, पाणी बुधवारी पहाटे पोचेल.
पोचलं गुरुवारी, दुपार टळल्यावर,
तेही हातभर कमी.

टाकळीच्या बंधाऱ्यावर पट्टी वाचणारा इरण्णा
फोनवर हसला:
"मॅडम, तुमच्या नदीला काठच न्हाईत की ओ.
उजनी धरली, बोगदा धरला, कालवे धरले.
रात्री बाराला थ्री-फेज येती,
ती कुठं हाय तुमच्यात?"

मग मी वीज मंडळाकडून वेळापत्रक मागवलं, गावागणिक,
आणि भीमेतून रात्र वजा केली.

आता चूक तीन तासांवर आलीय.
इरण्णा म्हणतो, त्यातला एक तास बेगमपूरच्या वाळूचा;
ती आधी आपण पिते, मग वाट देते.
उरलेले दोन
त्यालाही ठाऊक नाहीत.