बूड कोरडं

जेवणाच्या सुट्टीत ताजनपुरे म्हणाला,
समजा पैसा अमर्याद. होडी कुठली घ्याल?
अट एवढीच, होडी एकच.

आम्ही हसलो.
पैसा अमर्याद म्हणजे काय
हे आम्हाला समजावून सांगावं लागत नव्हतं.
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये सकाळपासून
पाचशेच्या तावांवर डोळे फिरवत बसायचं,
शाई फुटली का, आकडा तिरपा पडला का,
आणि संध्याकाळी गेटवर हात वर करून
झडती द्यायची.
पर्समध्ये बसचा पास, कंगवा, उरलेली चतकोर भाकरी.
कोटी म्हणजे किती ते आम्हाला
वजनानं ठाऊक.

तर होडी.
ताजनपुरेची केव्हाच ठरलेली होती :
तीन मजली, पांढरी, सागवानी जिने,
मागच्या बाजूला पोहायला तलाव.
पाण्यात पाणी कशाला रे, रुखसाना म्हणाली.
ते खारं, हे गोडं, तो म्हणाला,
आणि वर हेलिकॉप्टर उतरायला गच्ची.
रुखसाना अत्तारला शिडाची हवी होती.
इंजिन नको, मशीन ऐकून कान विटले.
पेखळेला काचेच्या तळाची, खालचे मासे दिसावेत म्हणून.
पेखळे माळकरी.
नुसते दिसावेत, म्हणाला.

मी विचारलं, लावणार कुठे?

रामकुंडावर मे महिन्यात पोटरीभर पाणी.
तपोवनाच्या पुढे पानवेली इतकी
की कुत्रं चालत पलीकडे जाईल.
गंगापूर धरणात ठेवली तर उन्हाळ्यात
चिखलात कलंडून पडेल, म्हशी येऊन टेकतील तिला.
आणि समुद्राकडे न्यावी, तर ही आपली बाई
जवळच्या समुद्राकडे पाठ करून निघालेली,
सगळा मुलूख तुडवत पूर्वेला.
वाटेत नांदूरमधमेश्वर, वाटेत जायकवाडी,
तीन मजली होडी प्रत्येक दारात थांबणार
हात वर करून.

ताजनपुरे चिडला.
बजेट अमर्याद म्हटलं ना? मग नदीपण घे नवी.

डबे झाकले. मशिनी सुरू झाल्या.

माझी तेवढी राहिली.
रोज कुणीतरी विचारायचं, हांडोरेबाई, ठरली का?

बाप नाव चालवायचा, चांदोरीच्या खाली,
पूल नव्हता तेव्हा.
बाजाराच्या दिवशी शेळ्या, सायकली, कांद्याची पोती,
एकदा अख्खं वऱ्हाड, नवरी उलटी करत होती.
तळाच्या दोन फळ्यांत फट होती.
डांबर भरलं की महिनाभर गप्प बसायची,
मग पुन्हा.
उपसायचं काम माझं. डालड्याचा डबा.
बाप पुढे बघायचा, माणसं पलीकडे बघायची,
मी खाली.
किती वर्षं नदी ओलांडली मी,
नदी काही पाहिली नाही.

पूल झाला, नाव परड्यात पालथी घातली,
तिच्याखाली कोंबड्या.
सकाळी फटीतून उन्हाची रेघ पडायची,
कोंबड्या तिलाच टोचत बसायच्या.
नोट उजेडाला धरली की धागा दिसतो ना,
तशी. तेवढीच सरळ.

शेवटी एका शनिवारी सांगून टाकलं.
माझी लहान. चौघांपुरती, तुम्ही तिघं आणि मी.
लाकूड कुठलंही चालेल, रंग नसला तरी चालेल.
शीड रुखसाना म्हणेल तसं.
पैसा सगळा तळाला घाला.
सगळा.
साडीचा काठ भिजता कामा नये.
आणि मला पुढे बसवा,
दुसरा काठ जवळ येतो तो कसा येतो
ते एकदा बघायचंय.

एवढंच? ताजनपुरे म्हणाला. त्याला वाईट वाटलं असावं.
मग उरलेल्या पैशाचं काय करायचं?

म्हटलं, नीट मोजून ठेव.
गेटवर झडती आहे.