पेव

हरिपुरात संगमाकडून वारं सुटलं
की आधी काचेला कळतं, मग मला.
काट्यावर अकरा. पहाटे नऊ होणार.

कपाटात तिघी आहेत, तिन्ही टॅरँटुला.
हौसा, पायांच्या टोकांना गुलाबी,
आत्ताच अळता लावून आल्यासारखी.
गोदा, महिनाभर बिळाबाहेर न पडलेली.
आणि एक हरभऱ्याच्या डाळीएवढी,
तिचं नाव पुढच्या कातेनंतर ठेवायचं ठरलंय.

मिरजेच्या फिरोजनं देतानाच बजावलं होतं:
तळाला ऊब ठेवू नकोस.
तापलं की ती खाली खणत जाते,
खालीच विस्तव असला तर जाईल कुठं?
म्हणून तापपट्टी भिंतीला, तीही एकाच बाजूला.
नको झालं तर सरकता यावं.

हे सगळं ठाऊक असून
सोमवारी मी घाबरलो.
थर्माकोलचा खोका, त्यात चाळीसचा बल्ब,
फटींत कापसाचे बोळे, कडांना चिकटपट्टी,
वरून आईची दुलई.
रात्रभर काटा सव्वीसवर.
किती समाधानानं झोपलो.

सकाळी काचांना घाम.
मातीवर पांढरी लव, बुरशीची.
गोदा महिन्यानं बाहेर आलेली,
आणि बाहेर म्हणजे पार वर, झाकणाला,
आठही पाय बारक्या भोकांशी लावून.

तवनाप्पा मगदूम दुधाची किटली घेऊन चालले होते.
'असलं कोण पाळतंय व्हय' हे त्यांचं रोजचं.
आज ते म्हणाले नाहीत.
किटली उंबऱ्यावर ठेवली, आत आले,
काचेवरून बोट ओढलं, बोट ओलं झालं.
"हिला थंडी न्हाई. हिला वारा पायजे."

तीस वर्षं हळदीच्या पेवांत उतरलेला माणूस.
पंचवीस फूट खोल, तोंड खांद्यापुरतं,
आत हळद वर्षानुवर्षं कोरडी, उबदार, बिनकिडीची,
आणि माणसाला श्वास नाही.

"झाकान काढलं की लगीच उतरायचं न्हाई.
चार तास, सा तास, उघडं सोडायचं.
मग दोरीला कंदील.
तळाला जाऊन जळत ऱ्हायला तर मानूस.
इझला तर घरी जायाचं, च्या प्यायचा."

किटलीकडं बघत राहिले.

"भूपालनं कंदील न्हवता नेला."

भूपाल कोण, मी विचारलं नाही.

"ऊब लई गोड असती बघ.
झोपच येती."

दाभण त्यांच्याच घरातलं, पोती शिवायचं.
गॅसवर लाल केलं.
तिघी तोवर स्वयंपाकघरात, आई तोवर अंगणात.
एका भिंतीला खालून तीन भोकं,
समोरच्या भिंतीला वरून तीन.
"समोरासमोर पायजेत.
एकाच अंगाला पाडलीस तर ती नुसती भोकं."
बोळे गेले, बल्ब गेला,
चिकटपट्टी त्यांनी नखानं सोलली,
आईची दुलई आईला मिळाली, तिनं ती दोनदा धुतली.
बुरशीची माती टाकली, नवी घातली,
पाण्याची वाटी भरली, कारण ऊब गुपचूप पाणी पिते.

आता रात्री काटा बावीसवर.
हौसाला पुरतं. मला कमी वाटतं.

वरच्या भोकाशी त्यांनी बोटभर सूत डकवलंय.
तीन वाजता उठतो, टॉर्चवर लाल कागद धरतो,
श्वास रोखून बघतो, माझ्याच श्वासानं हलायला नको.
हलतंय.
खाली गोदाच्या बिळाच्या तोंडाशी
तिनं स्वतःचं एक सूत ताणलंय,
ते दिसत नाही, फक्त मधूनच चमकून जातं.

सकाळी किटली वाजते.
आत न येताच, रस्त्यावरून:
"जळतोय का?"

"जळतोय, तवनाप्पा."