पाच वर्षांची वॉरंटी

दाराच्या चौकटीला बोट लावलं
तर बोट आत गेलं.
त्रिशला म्हणाली, बोलवा कुणाला तरी,
आणि लगेच आत निघून गेली,
'मारायला' हा शब्द कानावर पडू नये म्हणून.

विश्रामबागेतलं घर, पुढे दोन खोल्यांएवढी हिरवळ.
मिरजेहून आलेल्या पोरानं जोत्याला
फुटाफुटावर भोकं पाडली,
ताकासारखं पांढरं काहीतरी ओतलं.
अर्धा कॅन उरला.
"वाया कशाला घालवायचं, साहेब? लॉनवर मारू?"
मी म्हणालो, मार.
हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.

वाळवी गेली.
महिन्याभरात साळुंक्याही येईनाशा झाल्या.
गवत पिवळं, मग बिस्किटाच्या रंगाचं,
मग नुसती काळी जमीन, वर कडक पापुद्रा.
खुरप्यानं वीतभर उकरलं :
गांडूळ नाही, मुंगी नाही,
वाससुद्धा नाही.
काळ्या मातीला वास नसणं म्हणजे काय
हे तीस वर्षं विजेचे मीटर वाचणाऱ्यालाही कळतं.

समडोळीहून मेहुणा आला, नेमगोंडा, हळदवाला.
चिमूटभर माती तळहातावर चोळून म्हणाला,
भावजी, आधी हिलाच विचारा.
दोन वाट्या. एकीत त्याच्या मळ्यातली, एकीत आमची.
दोन्हींत दहा दहा मूग.
मळ्यातले चौथ्या दिवशी मान वर काढून उभे.
आमचे फुगले, फुटले,
आणि तपकिरी मोड नखाएवढा होऊन
तिथंच वाकून राहिला.

मग कोळसा. कुटून, चाळून, पोत्यावर पोतं;
बनियन काळं, नाक काळं.
"हा विष धरून बसतो," नेमगोंडा म्हणाला,
"बाकीचं दिवस बघतील."
जुनं शेणखत. ताग.
ताग कमरेला लागला तसा कापून गाडला.
शेजारचे माने कुंपणावरून :
लॉन करताय की शेती?
दर महिन्याला वाटी, मूग,
आणि जुन्या सवयीनं वही :
मागील रीडिंग, चालू रीडिंग, फरक.
शून्य.
शून्य.
अर्धा सेंटीमीटर.

क्षमावाणीला त्रिशला गल्लीभर हात जोडून आली
आणि पायरीवर बसली.
त्या उघड्या जमिनीकडे बघत म्हणाली, कळत नकळत…
मी म्हणालो, नकळत नाही. मीच मार म्हणालो होतो.
ती म्हणाली, माहीत आहे.
खिडकी उघडी होती.

वर्षानं तो पोरगा तपासणीला आला.
चौकटीवर टकटक केली, ग्रॅनाइट.
लाकडाची आम्ही काढूनच टाकली होती.
तो कागद चाळत राहिला. वॉरंटी चौकटीची, साहेब,
जमिनीची नसते.
मग का कोण जाणे, बूट काढून
अनवाणी जरा वेळ उभा राहिला मातीत.
सही मात्र घेऊन गेला.

परवा नळाखालच्या ओल्या कोपऱ्यात
मोहरीएवढ्या मातीच्या गोळ्यांची एक ढिगुळी दिसली,
रात्रीतून कुणीतरी वर आणून ठेवलेली.
गवत अजून नाही. त्या कोपऱ्यात चार काड्या, बस.
त्रिशला बादली घेऊन
तिला वळसा घालून गेली.
मी वही उघडली,
मागील रकान्यात शून्य लिहिलं,
आणि चालू रकान्यात काय लिहायचं
ते तिला हाक मारून विचारलं.