मग बंद

जत स्टँडच्या मागं माझं झेरॉक्सचं दुकान.
रात्री नऊला मोठं मशीन गार पडतं
तेव्हा जुन्या लॅपटॉपवर मी दुसरं यंत्र मांडतो.
फुकटचं. कुणीतरी, कुठंतरी
पाणपोईसारखं उघडं ठेवलेलं.
त्यात भाषांच्या कितीतरी जोड्या,
दूरदेशीच्या शेजारणी एकमेकींना उसनं देताना.
आमची जोडी नव्हती.

रिकामं फोल्डर केलं. नाव: मार-कान.
मराठीचे मार, कन्नडचे कान,
जगभर हेच संकेत, मी ठरवलेले नाहीत.
पण टाइप करताना आठवला बसगोंडा,
चौथीत 'नीर' मागितलं म्हणून
कानाला हात लावून दारात उभा.
पहिली नोंद तीच घातली.
पाणी, नीरु.

एका फाइलीत मराठी, एकीत कन्नड,
तिसरीत सोयरीक.
निंगव्वा तेली दुकानासमोर शेंगा विकते,
एका चहाला वीस शब्द असा तिचा भाव.
खुर्ची? कुर्ची.
शेंगा? शेंगा.
"हं, मग चहा कशाचा पाजतोस?"

ठाऊक नसलेल्या शब्दाला यंत्र पुढून चांदणी लावतं.
पहिल्या रात्री पडद्यावर नुसतं आभाळ.
मग एक घोडा शिकवला, घोड्याला, घोड्याचा,
आणि त्याच्यामागं रस्ता, दाणा, गुडघा
आपसूक चालू लागले.
पाऊस अडला. तो पावसाला म्हणून वाकतो,
त्याच्यासाठी निराळी वाट.

खुर्ची ती, दिवा तो.
निंगव्वाकडं दोन्ही अदु.
"लाकडाला कसली बाई करताय रे?"
मला उत्तर आलं नाही. नियम लिहिला.

नावु पाशी मात्र दोन रात्री गेल्या.
आम्ही, का आपण?
तिच्या भाषेत एकाच शब्दात सगळे बसतात,
यंत्राला एकच काहीतरी सांगून ठेवावं लागतं.
आपण सांगितलं.
उमदीकडच्या लोकांचा टँकरचा अर्ज घालून बघितला,
बाहेर आलं:
आपण खाली सह्या करणारे,
आपल्याला चार महिने पाणी नाही.
म्हणजे तहसीलदारसाहेबही घागर घेऊन रांगेत.
चूक आहे. चुकांच्या यादीत मीच लिहून ठेवली.
दुरुस्त मात्र केली नाही,
ज्याला खटकेल तो करील,
यंत्र उघडंच आहे.

एकदा झोपेत दिशा उलटी लागली.
कन्नड समजून मी यंत्राला
माझ्याच शटरवरची खडूची ओळ दिली:
सातपर्यंत चालू. मग बंद.
सातपर्यंतला चांदणी आली.
चालू तसंच राहिलं.
आणि पुढं, एकही चांदणी न लागता:
मुलगा आला.

तपासलं. बरोबर होतं.
मग म्हणजे मुलगा, बंद म्हणजे आला.
निंगव्वा बंदान म्हणते,
मी दोन्ही रूपं भरली होती.
इतकी वर्षं रोज संध्याकाळी
मी तिच्या डोक्यावर हे लिहीत होतो
आणि तिला वाचता येत नव्हतं.
तिचा महांतेश हुबळीला टेम्पोवर आहे.
फोन करतो. गेल्या शिमग्याला येणार होता.

सकाळी फडकं हातात घेतलं.
शटरसमोर उभा राहिलो
आणि फडकं पुन्हा खिळ्याला अडकवलं.
तिनं विचारलं, आज किती शब्द?
म्हटलं, आज नको. चहा नुसताच घे.

चाचणीच्या यादीत ते वाक्य चढवलं.
दिलेलं: मग बंद.
अपेक्षित: मुलगा आला.
यंत्र पास.
तेवढ्यात विजापूरची गाडी वळली,
निंगव्वानं मान वर केली,
उतरणारे सगळे उतरेपर्यंत बघितलं,
आणि शेंगांवरची माशी हाकलली.