पिवळा आधी संपतो

ऑर्डरचा कागद माझ्याकडे सरकवत
व्रोबेलबाई म्हणाल्या, पिवळा दुप्पट लिही.
पिवळा आधी संपतो.
कॉलेजात हे कोणी सांगत नाही.

कॉलेजात मी त्रेचाळिसाव्या वर्षी
विशीतल्या पोरांच्या रांगेत बसून
किशोरवयीन मेंदूची वाढ पाठ केली,
पाठाचं टाचण मिनिटांत कापायला शिकले:
पाच मिनिटं प्रस्तावना, बारा मिनिटं प्रात्यक्षिक,
सात मिनिटं आवराआवर.
(सात मिनिटांत ओली माती
कधी कोणाच्या नखांतून निघाली आहे?)

त्याआधी एकोणीस हिवाळे डुलुथच्या गोदीत.
सरोवर गोठून जहाजं थांबली की
त्यांच्या नाकाडावर पांढरे आकडे रंगवायचे,
बावीस, तेवीस, चोवीस,
पाणी कुठवर चढलं ते सांगणारे.
दोरांच्या पाळण्यात लोंबकळत, हातमोज्यावर हातमोजा,
आणि रेघ सरळ. नेहमी सरळ.
माझ्या हाताला चूक ठाऊक नव्हती,
तेच आडवं आलं.

परवान्यासाठी चित्रफीत द्यावी लागते:
शिकवताना, सलग दहा मिनिटं, कापाकापी न करता.
मागच्या कपाटावर, रंगाच्या दोन डब्यांमध्ये
मोबाइल टेकवून ठेवला.
रात्री स्वयंपाकघरात बसून पाहिली.
माझा आवाज आईसारखा येतो, हे एक.
दुसरं, सहाव्या मिनिटाला
मी फेंग शिओंगच्या बाकाशी थांबते.
तो आजोबांचा ट्रक काढतोय,
मागचं चाक बटाट्यासारखं.
मी त्याच्या बोटांतून पेन्सिल काढून घेते,
विचारतसुद्धा नाही,
चार फटकाऱ्यांत चाक गोल.
सुंदर चाक. अजूनही म्हणेन, सुंदर चाक.
मी पुढच्या बाकाकडे जाते, चौकटीबाहेर.
मोबाइल तिथेच राहतो.
फेंग कागदाकडे बघतो,
पेन्सिल मी ठेवली तिथेच राहू देतो
आणि उरलेली चार मिनिटं
खिडकीतून बर्फ उपसणारं यंत्र बघत बसतो.

ती चार मिनिटं मी तीनदा पाहिली.
नवऱ्याने विचारलं, झोपायचं नाही?
फॉर्मवर प्रश्न होता:
पुन्हा संधी मिळाल्यास काय वेगळं कराल? दोनशे शब्द.
मी लिहिलं, पेन्सिल घेणार नाही.
एकशे सत्त्याण्णव उरले.

व्रोबेलबाईंनी चित्रफीत पाहून चष्मा कपाळावर नेला
आणि आपल्या ॲप्रनचे खिसे दाखवले.
हे कशाला असतात वाटलं तुला?

हात आखडता घेतो तो कंजूष,
असंच ऐकत वाढले होते.

दुसऱ्या दिवशी दोन्ही हात खिशात.
आत वाळलेली माती, खडूचा तुकडा, कोणाचं तरी बटण.
फेंगने नवा कागद घेतला नव्हता.
जुन्यावरच माझं चाक खोडत होता,
जोरात, कागद विरेपर्यंत.
मी बटण घट्ट धरलं.
आमचा ट्रक असा नाही, तो म्हणाला, वर न बघता.
ते चाक खरंच वाकडं आहे.
हरणाला चुकवताना खड्ड्यात गेला होता.
आजोबा तसाच चालवतात?
तसाच. शनिवारी बाजारात भाजी घेऊन. सगळा हलतो.
मग म्हणाला, हलणारा कसा काढायचा?

मला येत होतं. बोटं खिशात चुळबुळली.
येत नाही म्हणणं खोटं ठरलं असतं.
म्हटलं, किती हलतो ते हाताने दाखव.
त्याने दाखवलं.
पेन्सिल त्याच्या हातातच होती.

मला वाटलं होतं चित्र छान होईल.
फारसं नाही झालं. ट्रक भुतासारखा दिसतो,
पण चालू आहे, बंद पडलेला नाही.

घंटा झाली. कात्र्या चोवीस हव्यात, तेवीस निघाल्या,
चोविसावी भट्टीमागे सापडली, का ते विचारू नका.
परवान्याचं उत्तर मार्चअखेर येईल,
तोवर बर्फ फुटून जहाजंही निघतील.
ऑर्डरच्या कागदावर पिवळा दुप्पट लिहिला.
त्याखाली, बाईंना न विचारता,
खोडरबर, दोन खोकी.