राखाडी पट्टा

तांबट आळीत निजामपूरकरांचा हातोडा चालू आहे
माझ्या टाइमलाइनवर,
दोन तास अकरा मिनिटं.

दोन ठोक्यांच्या मध्ये ते खोकतात.
तेवढंच कापायचं म्हणून झूम करत गेले,
ठोका बोटभर, मग वीतभर रुंद,
आणि बत्तीस हजार सातशे सदुसष्टाव्या पिक्सेलपाशी
लहर तुटली. पुढे नुसता राखाडी पट्टा.
रेघा ओढणाऱ्या लायब्ररीला
त्यापुढचे आकडेच येत नाहीत.

आवाज मात्र येत राहिला:
ठण्, ठण्,
खोकला,
ठण्.

अंदाजानं कात्री लावणार
तेवढ्यात त्यांच्या कुंदाचा फोन, कसब्यातून.
"बाबांचा खोकला राहू द्या हं.
ते खोकले की
आई पानं घ्यायला उठायची."