ठेवलं म्हणायचं कधी

परळच्या या इस्पितळाचं तळघर.
रात्रीचे दोन दहा.
बारा डिस्क, एक कंट्रोलर,
एसीखाली प्लास्टिकची बादली, निम्मी भरलेली.
वरून डॉक्टर पटवांचा तिसरा फोन:
"सीटी उघडतोय की पापड वाळतोय?"

मी सेटिंग उघडते.
घाईत कुणी तरी सगळं होतं तसंच सोडलंय.
पट्टा चौसष्ट केबीचा, रीड-अहेड बंद.
एकेका स्कॅनचे हजार काप,
आणि ही डिस्क दर खेपेला
दारात उभी राहून विचारते, पुढचा आणू का?
आण ना बाई. न विचारता आण.
रीड-अहेड चालू.
पट्टा रुंद करायचा तर सगळं उपसून पुन्हा भरायला हवं,
ते रविवारी.

गवाणकर असते तर हसले असते.
याच खोलीत त्यांचे एक्स-रे होते:
खाकी पाकिटं, लोखंडी मांडण्या, डांबरगोळ्यांचा वास.
तारखेनं लावायचे नाहीत, नंबराच्या शेवटच्या आकड्यानं लावायचे.
"तारखेनं लावले तर आजचे सगळे एकाच मांडणीत,
आणि चार पोरं तिथंच ढुंगणाला ढुंगण लावून.
विखरून ठेव, चौघं एकदम धावतात."
मला ॲरे त्यांनी शिकवली,
ज्यांना माऊस नीट धरता येत नव्हता.

वाचणं सुधारलं.
लिहिणं अजून रखडतंय.
कॅशची बॅटरी फुगलीय, भिजवलेल्या वालासारखी,
म्हणून कंट्रोलर बिचकून
प्रत्येक काप थेट डिस्कवर नेतोय,
आणि तिथं टेकल्यावरच हो म्हणतोय.

खाली एक चौकोन आहे:
बॅटरी नसली तरी राइट-बॅक.
एक टिचकी, की वेग चौपट.
म्हणजे चित्र अजून हातातच
आणि वर कळवायचं, ठेवलं.
दिवे गेले नाहीत तर कुणाला कळतंय?
यूपीएस आहे. जनरेटर आहे.
जूनमध्येही होते दोन्ही.
अकरा सेकंद काळोख होता.

गवाणकरांच्या रजिस्टरात
पाकीट मांडणीत गेल्याशिवाय बरोबरची खूण नसे.
सुभाननं एकदा आधीच केली,
पाकीट काखेत मारून चहाला गेला.
ते पुढे सापडलंच नाही.
कुणाचं, ते गवाणकरांना पाठ होतं:
कमल रेडीज, वय एकतीस, डावं फुप्फुस.
निवृत्तीच्या दिवशीही सांगितलं त्यांनी,
पेढा हातात तसाच.

चौकोन रिकामा ठेवते.
लॅमिंग्टन रोड अकराला उघडेल,
बॅटरी मिळाली तर मिळाली.
फोन उचलते.
"सर, आज वाचायला जलद, साठवायला हळू."
"किती हळू?"
"एक चहा होईल."
"तुमच्या तळघरात चहा मिळतो?"
"थर्मासमध्ये आहे. थोडा."
मग खुर्ची सरकल्याचा आवाज,
जिन्यात चपला.

मी बादली ओतायला उठते.